पानाला पंधरा रुपये

बालमणी वल्लाळ, वय अठ्ठावन्न,
हजार विड्या वळून, मोजून, कारखान्यात देऊन
साखर पेठेतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात आली.
पिशवीत नऊ वह्या, दोनशे पानी.
म्हणाली, कादंबरी आहे. साहसाची.
पानाला किती घेता?
मी पंधरा म्हटलं, ती बारा.
शेवटी पंधराच ठरले, पण चहा माझा.

कधीतरी रद्दीत तिला ग्रीक कथांचं पुस्तक मिळालं होतं,
सुरुवात नसलेलं, शेवट उंदरांनी खाल्लेला.
मधलं तेवढं तिनं घरी आणून वाढवलं.
राजपुत्राचं नाव जिभेवर बसेना, तो तेसय्या झाला.
राजाची मुलगी आर्यव्वा.
भुलभुलैया शोधावा लागलाच नाही:
बंद गिरणी. कांडी खात्यातून ताण्यात,
ताण्यातून रंगात, रंगातून परत कांडीत,
साचे उचलून नेले तरी वाटा तिथंच राहिलेल्या.
मधोमध बैलाच्या तोंडाचा माणूस,
राजाला लाज वाटावी असा राजाचाच मुलगा.
दरसाल त्याच्याकडे सात पोरं, सात पोरी.
तिनं सगळ्यांची नावं लिहिली होती,
बापाचं नाव, गल्ली, घर नंबर.
अडीच पानं नुसती यादी.

हे कशाला ओ, मी विचारलं.
"आत गेलेल्यांची हजेरी नको?"

मग दोरा. दोऱ्यावर एक अख्खं प्रकरण.
वीस नंबरचा तुटतो, दोन पदरी घे, पीळ बघून घे तेसय्या.
एवढा शूर माणूस, त्याला गाठ मारता येत नव्हती.
आर्यव्वानं दारात बसवून शिकवली,
विणकराची गाठ,
ओढली की आवळणारी, फणीतून न अडता जाणारी.
ती तीनदा शिकवावी लागली.

सातवी वही घागरीखाली भिजलेली.
शाई पसरून सगळं जांभळं.
सांगते मी, म्हणाली, तुम्ही मारत जा बटणं.
एप्रिल. दुपारचे तीन. पत्र्याखाली आम्ही दोघं.
तेसय्या पोचला. तलवार उपसली.
बैलतोंड्या पडला, गिरणीच्या फरशीवर, आवाज न करता.
चार पानं झाली आणि लाईट गेली.
सेव्ह केलं नव्हतं.

शेजारचे पावरलूम एकदम गप्प झाले
की या पेठेत आपलाच आवाज परका वाटतो.
ती काही बोलली नाही, मीही नाही.
पदरानं वारा घेत बसली तासभर,
बोटं मधूनच आपोआप वळत होती,
पान नसताना, तंबाखू नसताना.

लाईट आली. पुन्हा सांगायला लागली.
तेसय्या पोचला. तलवार उपसली.
बैलतोंड्या म्हणाला, तिन्नावा?
जेवलास का?
मग म्हणाला, मी कुणाला खाल्लं नाही.
ती सगळी वाट चुकली.
आहेत इथंच. हजेरी घेऊन बघ.

माझी बोटं थांबली.
मावशी, मगाशी तर मेला होता ना हा?

"मगाशी लाईट होती."

यादी मग पुन्हा एकदा टाइप केली,
प्रत्येक नावापुढं एक 'ओ'.
त्या अडीच पानांचे पैसे मी लावले नाहीत.
तिच्या लक्षात आलं, तिनं लावले.

नवव्या वहीत तेसय्या तिला झोपेत टाकून जातो.
हे मूळ पुस्तकातलंच असावं, उंदरांच्या दातांतून सुटलेलं.
बेट मात्र आपल्या तळ्यातलं, मधोमध देऊळ,
पायऱ्यांवर ओल्या कबुतरांची पिसं.
आर्यव्वा जागी होते. पाण्यावर नाव नाही.
आता ही रडणार, म्हणून मी आधीच
उद्गारचिन्हावर बोट ठेवून बसलो.
तिनं लिहिलं होतं:
'आर्यव्वानं दोरा गुंडाळायला घेतला. दोरा तिचा होता.
पलीकडच्या टोकाला काहीतरी जड होतं,
आणि ते चालत येत होतं.'

बस. त्याखाली तारीख आणि अंगठ्याएवढा तेलाचा डाग.

तीन प्रती काढल्या, स्पायरल लावलं.
तिनं नोटा मोजल्या, तंबाखूचा वास येणाऱ्या,
थुंकी न लावता, विड्यांचे कट्टे मोजावेत तशा.
मग एक नोट परत घेतली.
शेवटचं पान अर्धंच आहे, म्हणाली.
त्याचे साडेसात.