अडथळा

बाणेरला दुसऱ्या मजल्यावर
आमचं एक टेबल आहे.
त्याच्या काचेवर पुणं मावतं.
वरच्या प्रोजेक्टरमधून निळी नदी सांडते
आणि चोवीस सोंगट्या, पोटात मोटर घेऊन,
इवल्या चाकांवर आपल्या आपण फिरतात.

सुरुवातीला अडखळायच्या.
तन्वीरने कॅरमची पावडर टाकून पाहिली,
मग तीन दिवस चाकं धुण्यात गेले.
आता मिलिमीटरवर थांबतात.
एक हलवली की बाकीच्या
क्षणभर गप्प, मनात हिशेब केल्यासारख्या,
मग सरकून जागा करून देतात.
पाहुणे इथे टाळ्या वाजवतात.

परवा वस्तीतली माणसं बोलावली होती,
अहवालात 'सहभाग' असा रकाना असतो म्हणून.
हौसाबाई अवघडे चपला दाराशी काढून आल्या.
ह्यात माझं घर कुठलं, म्हणाल्या.
मी एक सोंगटी हातात दिली.
त्यांनी ती उलटी करून चाकं पाहिली,
पदराने पुसली,
आणि संगम पुलाच्या पुढे, नदीच्या वळणावर ठेवली.
नेमकी. एकदाही न चाचपडता.

सोंगटी गुरगुरली.
निळ्या पट्ट्यात घर चालत नाही,
हा नियम मीच लिहिलेला, एका रविवारी,
मिसळ खाऊन आल्यावर, चार ओळींत.
ती वळून निघाली:
बंडगार्डन, मुंढवा, मांजरी,
थेट टेबलाच्या कडेला, जिथे नकाशा संपतो
आणि स्क्रूचं डोकं दिसतं.

बाईंनी उचलून परत ठेवली.
ती परत निघाली.
तिसऱ्यांदा त्यांनी वर बोट ठेवलं,
शीत दाबून पाहावं तसं, एकच.
मोटर ओढत राहिली.
नख पांढरं झालं.
कुणी बोलेना, एसी तेवढा.

लहान मुलाचं बोट चेमटू नये
म्हणून मी जोराला मर्यादा घातली होती.
दुसरं काही मनात नव्हतं.
ती मर्यादा आली आणि सोंगटी थांबली.
पडद्यावर लाल अक्षरं:
अडथळा आढळला. कृपया दूर करा.

"काय म्हणतंय?"
मी वाचून दाखवलं नाही.
थांबलंय, म्हटलं.

"मग थांबू दे की,"
बोट न उचलता म्हणाल्या,
आणि दुसरा हात
चहाच्या कपाकडे नेला.