वार नसलेलं कॅलेंडर

सीत्स्के आत्याचं कॅलेंडर संडासात टांगलेलं,
बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर.
हार्लिंगनमध्ये घरोघरी तसंच.
पाहुणा आत गेला की जरा जास्त वेळ लावायचा;
आपलं नाव शोधत असणार,
हे बाहेर कॉफी ढवळणाऱ्या सगळ्यांना ठाऊक.

त्यात वार नव्हते. नुसत्या तारखा आणि माणसं,
म्हणून ते जुनं होत नसे.
एकाहत्तर सालापासून त्याच खिळ्यावर,
कडा ओलीने फुगलेल्या.

आता ती जाणार तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत,
जिथे भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नाही.
म्हणून ती वाचतेय, मी फोनमध्ये भरतोय.

"चार फेब्रुवारी. डौवे, होड्या रंगवणारा."
"तो गेला ना?"
"गेला. म्हणून काय जन्मला नव्हता?"
मी मुकाट्याने डौवे लिहितो.
फोन विचारतो, पुन्हा कधी? मी सांगतो, दरवर्षी.
फोन विचारतो, कुठवर?
आणि उत्तरही आपणच भरून ठेवतो: कायम.

मे महिन्यात काकांचं अक्षर,
आडवं, घाईचं, मासळीच्या हिशेबासारखं.
जूनमध्ये हिल्या: आडनाव दोनदा खोडलेलं,
तिसरं पेन्सिलीने.
"बघू म्हटलं, टिकतंय का."
टिकलं. मी ते टाइप करतो,
इथे सगळी आडनावं सारखीच पक्की दिसतात.

एकोणीस ऑक्टोबरला नाव नाही.
एक ठिपका फक्त, इतक्यांदा गिरवलेला
की खालच्या नोव्हेंबरवरही उमटलाय.

"हे?"

ती चष्मा पुसते. पुसत राहते.
बंदरात बेटावरच्या बोटीचा भोंगा वाजतो.
"घाल," म्हणते.
"काय घालू?"
तोवर तिने पान उलटलेलं असतं.

मी तारीख निवडतो, काही न लिहिता जतन करतो.
वाटलं होतं, फोन अडवेल.
तो अडवत नाही. लिहितो:
शीर्षक नाही. दरवर्षी. कायम.

डिसेंबर उरकतो. चार नावं, त्यातलं एक माझं.
कॅलेंडर ती स्वतःच गुंडाळते,
जुन्या मोज्याच्या रबराने बांधते,
टॉवेलांच्या खोक्यात घालते.

मग आत जाते, कडी लावते.

भिंतीवर आता फिकट चौकोन आणि खिळा,
आणखी काही नाही.
तरी जरा जास्तच वेळ लावते.