फुंकर

नवा पोरगा विचारतो, चाचा, किती जोरात?
मी म्हणतो, गरम चहावर घालतोस तेवढीच,
पण लांब. बीप होईस्तोवर सोडायची नाही.
पहाटे सव्वाचार, सोहार बंदर, तिसरं गेट,
ओळीत एकोणीस ट्रेलर, इंजिनं चालू.

माझं काम नळ्या बदलणं.
पांढऱ्या प्लास्टिकच्या, पाकीटबंद,
एका तोंडाला एक.
दिवसाला दोनशे तोंडं: नसवार, वेलदोडा, मशेरी, झोप.
मला वासावरून माणसाचा मुलूख कळतो,
यंत्राला फक्त आकडा.

याच गेटातून अकरा वर्षं मी बाहेर पडलो
पाठीवर चाळीस टन ॲल्युमिनियम घेऊन.
हत्ताच्या घाटात धुळीचं वादळ, एकदा समोरून उंट,
एकदा ब्रेकच गेले, आणि तरी
टायरखाली कधी बकरीचं पिल्लूही आलं नाही.
न झालेल्या अपघातांची
कुणी फाईल ठेवत नाही.

कारण सांगता आलं असतं तर बरं दिसलं असतं.
घरी कुणी मेलं नव्हतं.
गुरुवार होता.
क्रेनवाल्या रोमेलच्या खोलीत कोळंबी तळली होती,
दोन पेग झाले, कदाचित तीन,
दुसऱ्या दिवशी सुट्टी.
पहाटे फोन आला, परेरा तापानं फणफणलाय, तू ये.
नाही म्हणायला हवं होतं.
मी दात घासून गेलो.

शून्य पॉइंट शून्य तीन.
खमीस बलूशीनं यंत्र झटकलं,
म्हणाला, पुन्हा फुंक.
विनवणी त्याच्या आवाजात होती.
यंत्र तेच बोललं.

आम्ही घडशी. आमच्या घरात फुंकेवरच पोटं भरली.
बाबा देवळात सनई वाजवायचे,
नाकानं आत घेत, गालांतून सोडत,
अर्धा अर्धा तास सूर तुटू न देता.
म्हणायचे, श्वासाला खोटं बोलता येत नाही, सुध्या.
तेव्हा ते मला कौतुक वाटलं होतं.

मग सात कंपन्या.
नाव टाइप करायचे, सुधाकर अनंत घडशी,
पडदा क्षणभर थांबायचा,
आणि टेबलामागच्या बाईचं हसू तसंच राहून
डोळे तेवढे निघून जायचे.
दुक्मला पाणी पाजलं. सलालाला चहा.
दम्मामचा एजंट आपल्याच चिपळूणचा, हळू बोलला:
दारू उतरते हो, आकडा उतरत नाही.
तिथं बाकावर मलप्पुरमचा रशीद भेटला.
त्यानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता,
गावाहून आलेलं खोकल्याचं औषध घेतलं होतं.
त्याच्याही नावापुढे तीच लाल रेघ.
दोघांनी मिळून एक शावरमा खाल्ला.

शेवटी खमीसनंच इथं लावलं, निम्म्या पगारात.
बायको विचारते, गाडी बरी चाललीय ना?
चाललीय, म्हणतो. ते खोटं नाही,
परेरा चालवतो.
पैसे कमी का, तर ओव्हरटाइम बंद झाला.
परवा धाकटीचा गुडघा सोलला,
फोन गुडघ्याला लावून म्हणाली, बाबा, फुंकर घाला.
घातली,
आणि सवयीनं बीपची वाट पाहत राहिलो.

ड्युटी संपताना खमीस रोज मलाही एक नळी देतो.
तसा नियम नाही.
चारशे बारा शून्यं झाली आजवर.
मी मोजतो. ती कुठेच चढत नाहीत.

पोरग्याचंही शून्य. दांडा वर गेला.
वळणावर त्यानं क्लच जरा लवकर सोडला,
गिअर किरकिरला,
आणि इथं, नळ्यांच्या खोक्यापाशी,
माझा डावा पाय जमिनीत दाबला गेला.