खरखर

हर्णैच्या बंदरात मला सगळे 'चुना' म्हणतात.
जन्मल्यापासून असाच, पापण्यासुद्धा पांढऱ्या.
चाळीस वर्षं मी होड्यांना रंधा मारला,
ऊन मला मारत होतं, ते कळलं नाही.

कानाच्या पाळीवर आधी दिसलं काहीच नाही.
बोटाला लागलं.
जाडा पॉलिशपेपर असतो ना, तसं.
नखाने खरवडलं, गेलं. महिन्याने परत तिथंच,
होडीच्या बुडाला शिंपलं धरतं
तसं.

दापोलीला मुकादम डॉक्टरीणबाईंनी
डोळे मिटून माझ्या कपाळावरून बोट फिरवलं.
मी फळी अशीच बघतो.
म्हणून गप्प बसलो.
"सात आहेत," म्हणाल्या.
मी एकच मोजला होता.

थर्मासातून वाफ निघाली, गार.
शिंगाळ्याचा काटा रुतावा तशी चावली, सहा ठिकाणी.
फोड आले, काळे पडले,
पंधरवड्यात खपल्या उशीवर.
सातवा, खालच्या ओठावरचा,
दाबला तर खाली गाठ लागत होती.
त्याचा कण कापून बाटलीत घातला.
"हा तपासू दे," एवढंच.

चिठ्ठी यायचीय.
तोवर ताडपत्रीच्या सावलीत काम,
लांब बाह्या, तोंडाला मलम.
पोरं ओरडतात, चुन्याला चुना!

काल नाखव्याच्या दुर्वीला हाक मारली.
सहा वर्षांची, माझ्याच रंगाची,
वाळत्या बोंबलांखाली उघड्या डोक्याने खेळत होती.
माझी टोपी तिला घातली.
नाकापर्यंत येते.
येऊ दे.