पान एकशे बारा

प्रकाशन झालं. पेढ्यांचे खोके रिकामे.
लेखकानं सगळ्यांचे आभार मानले,
मुखपृष्ठकाराचे, बायकोचे,
माइक वेळेत सुरू केला म्हणून त्या मुलाचेसुद्धा.
मी शेवटून दुसऱ्या रांगेत,
पर्स मांडीवर, पाठ ताठ.
उठून उभं राहावं लागलं तर, म्हणून
पदर आधीच सारखा केलेला.

लागलं नाही.

तीनशे चौऱ्याऐंशी पानं. तीन वेळा.
'आणी'चं 'आणि' किती ठिकाणी केलं, मोजलंच नाही.
नायिकेच्या आत्याचं नाव
सातव्या प्रकरणात भलतंच झालं होतं, तेही मीच धरलं.
बाहेर पडताना तो हसला माझ्याकडे बघून,
कुणाच्या तरी आत्याकडे बघून हसावं तसं.
"पेढा घेतलात ना?"
घेतला, म्हटलं. नव्हता घेतला.

अप्पा बळवंत चौकात शटर्स पडत होती.
चाळीस वर्षं याच रस्त्यानं
दुसऱ्यांची वाक्यं पिशवीतून नेते आहे.
पत्र्या मारुतीपाशी थांबले.
काही मागायचं नव्हतं,
चपलेचा अंगठा तुटायला आला होता.

म्हटलं, तुझं तरी काय वेगळं,
तुझ्या नावाला गावाला एक पत्रा पुरला.
कुणी जिलब्या, कुणी डुल्या, विठोबा तर चक्क उपाशी,
पुण्यानं देवांनाही सोडलं नाही
आणि तुम्ही त्याच नावांना ओ देत बसलात.
तो काही बोलला नाही.
शेंदरावर दिव्याचा पिवळा डाग हलत होता.

पायरीवर बसून पुस्तक उघडलं, उगीच.
पान एकशे बारा. खालून चौथी ओळ.
'त्यांना'वरचा अनुस्वार नाही.
तीनदा वाचून सुटला.
कुणाला दिसणार नाही. मला दिसला.
पेन्सिल काढून टिंब दिलं,
हजारांतली एक प्रत बरोबर झाली.

आणि हात तिथेच राहिला.

मला कुणी असं वाचत असेल तर?
ओळीखाली बोट धरून, घाई न करता,
जिथे खोटं बोलले
(पेढ्याचंसुद्धा)
तिथे समासात बारीक खूण,
आणि तरी प्रत रद्दीत न टाकता.
भाऊ गेला त्या वर्षाची पानं
मी स्वतःच अजून नीट उघडलेली नाहीत.
त्यानं उघडली असणार.
एकेक वेलांटी बघितली असणार,
कमी उजेडात, खाली वाकून.

पुजारी दार ओढायला आले.
मी उठू लागले तर म्हणाले,
"बसा हो. दिवा जरा तुमच्याकडे करू का?
बारीक टाइप दिसतोय."

केला.

मग अंगठा शेवटी तुटलाच.
चपला हातात घेऊन
ओंकारेश्वरापर्यंत चालले, फरशी अजून ऊन होती.