सराव परीक्षा, तिसरी

छप्पन्न टक्के. पासष्ट लागतात.
लॅपटॉपखाली स्टीलचं ताट उपडं घातलंय, तरी तो तापतोच.
कूलरमध्ये सकाळी ओतलेल्या चार बादल्या
दोन वाजताच तळाला. सावद्यातला मे महिना
माणसाला एका चौकोनात बसवतो
आणि बाहेरून कडी लावतो.

चौकोन आणि बाण, एवढंच तर आहे सगळं.
कुणीतरी अर्ज करतं, कुणीतरी बघतं,
कुणीतरी हो म्हणतं, नाहीतर परत पाठवतं.
व्हिडिओतला मास्तर विम्याचा दावा घेऊन शिकवतो:
गाडी ठोकली, फोटो काढला, सर्व्हेअर आला.
माझ्या डोक्यात ती गाडी ठोकतच नाही.
हिंजवडी सोडून आठ वर्षं झाली,
चौकोन आठवतात,
बाणाचं टोक कुठल्या बाजूला ते विसरते.

मग मी केळीची कटिंग घेतली.
भाव. बाग पाहणं. कापणी, वजन,
गाडीत खाली पत्ती, वर पत्ती, पावती.
निनाजीकाकांनी तीस वर्षं केळी ग्रुपवर पावत्या फाडल्यात.
विचारलं, काका, भाव मंजूर कोण करतं?
ते ओट्यावर बसून तळपायातला काटा काढत होते.
"मंजूर? कोनीच नाही वं. तो येतो."

मंजुरीचा चौकोन रिकामा ठेवला.

मुदतीचं मास्तर असं सांगतो:
आधी उद्दिष्ट, मग अंतिम मुदत,
मग ती उलटल्यावरची,
दर पायरीला निकड दहाने वाढवायची.
काका सांगतात, गाडी संध्याकाळी सुटली नाही
तर साल बोलाय लागते.
दोन्ही वहीत लिहिली, एकाखाली एक.
काकांचं वाक्य पाठ करावं लागलं नाही.

"आणि माल परत पाठवायचा झाला तर?
मागे यायची वाट ठेवावीच लागते, काका,
प्रत्येक प्रक्रियेत."
त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे.
"कापेल घड खोडावर चढतो का परत?"

बाण खोडला.
बराच वेळ पेन त्या खोडलेल्या रेघेवरच होतं.
रस्त्याने केळीची खोडं भरलेला ट्रॅक्टर गेला,
त्याच्या मागे ओली रेघ, उन्हात लगेच वाळणारी.
काका काटा हातावर घेऊन न्याहाळत राहिले.
चप्पल सरकवताना म्हणाले,
"बुडाशी पील असते पन. ते मांडलंच नाही तू."

पील.
म्हणजे चाइल्ड केस! ज्याच्यावरचे
चार प्रश्न दर वेळी चुकतात माझे.
मूळ प्रकरणाच्या बुडाशी उघडतं,
त्याचंच पाणी पितं, चालतं मात्र आपल्या टप्प्यांनी.
मूळ थांबतं का त्याच्यासाठी?
पुस्तकात थांबतं.
बागेत थांबत नाही.
परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं,
समासात मी हे मोठ्या अक्षरात लिहिलंय.

चौथ्या सरावात एकसष्ट.

शनिवारी अकरा वाजता खरी.
कॅमेऱ्यापलीकडचा कुणी म्हणेल, खोली फिरवून दाखवा.
म्हणून सोसायटीचं कॅलेंडर उतरवलं,
त्यावर दुधाचे खाडे होते.
आरशावर चादर. टेबलाखालच्या लसणाच्या जुड्या माजघरात.
ऋत्वी आत्याकडे फैजपूरला.
कूलर बंद, कारण आवाज चालत नाही.
साठ प्रश्न, नव्वद मिनिटं,
आणि ओठ हलवून वाचायचं नाही.
हे सगळ्यात अवघड. मी भाजी निवडतानासुद्धा
ओठ हलवते.

निनाजीकाका बाहेर बसणार आहेत, खोकला गिळून,
दूधवाल्याला हाताने थोपवायला.
निकाल तिथल्या तिथे लागतो, हे त्यांना सांगितलंय.
दार उघडलं की पास का नापास
हे ते विचारणार नाहीत, मला माहीत आहे.
काटा काढावा तसं हळूच म्हणतील,
"आला का वं भाव?"