जिभेखाली

गोळी जिभेखाली ठेवायची.
गिळायची नाही, चघळायची नाही,
विरघळेपर्यंत बोलायचं नाही.
होडेकर सिस्टर समोर बसतात, घड्याळ बघत नाहीत.
त्यांना सात मिनिटं कळतात
भात शिजल्यासारखी, वासावरून.

शेजारच्या खुर्चीत मी,
गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र:
प्रशिक्षणार्थी, तीन महिने. मानधन नाही.
मांडीवर फॉर्म, एकोणचाळीस प्रश्न,
कुठल्या कुठल्या भाषांतून गाळून मराठीत उतरलेले.
'प्रथम सेवनाचे वय.'
'सेवनास प्रवृत्त करणारे घटक.'
आणि समोर भार्गव जाक्कर,
ज्याला नेमकं आत्ता बोलता येत नाही.

मिरकरवाड्यात होड्या वर ओढलेल्या, बंदीचे दिवस.
ताडपत्रीखाली कुणी कुणी
फटींत डांबरातला कापूस ठासत बसलेलं.
या दोन महिन्यांत खलाशी येतात रोज, रांगेनं,
चपला दाराबाहेर काढून,
कुणी सांगितलेलं नसताना,
देवळात यावं तसे. किंवा सावकाराकडे.

पहिल्या आठवड्यात मी फॉर्ममधून मान वर न करता
विचारलं होतं, 'सुई वापरता?'
'व्हय,' म्हणाला. मी खूण केली.
दुसऱ्या दिवशी घेऊनच आला:
प्लास्टिकची, वीतभर, हिरवा दोरा भरलेली,
जाळं शिवायची.
सिस्टर पदर तोंडाला लावून हसल्या.
मी पेनच्या खुणेवर खोडरबर घासत राहिले,
कागदाला भोक पडेपर्यंत.

घटक त्यानं नंतर सांगितला,
उंबऱ्यात, एक पाय चपलेत घालताना.
रात्री तीनला जाळं ओढताना खांदा उतरला.
तांडेल म्हणाला, ओढ एक झुरका, दुखायचं थांबेल.
'थांबलं की, ताई.'
फॉर्ममध्ये मित्रांचा दबाव होता,
कुतूहल होतं, कौटुंबिक कलह होता.
खांदा नव्हता.
मी 'इतर'मध्ये लिहिलं, बारीक अक्षरात, कारण जागा एवढीच.

रात्री साडेआठला बैठक, तिथे पाच.
पडद्यावर नऊ चौकटी, एकीच्या खिडकीत ऊन.
इथे इन्व्हर्टर कण्हत होता.
सगळ्या चांगल्या होत्या, खरंच. एक म्हणाली,
एखादी यशोगाथा मिळेल का, दीडशे शब्दांत?
फोटो असला तर उत्तम. चेहरा नको.
मी भार्गवचे हात पाठवले.
हात छान आलेत, असं उत्तर आलं.

मग नारळी पौर्णिमा.
सकाळी नारळ, दुपारी डिझेल, संध्याकाळी बर्फ.
नियम असा की गोळी रोजची रोज, डोळ्यांदेखत.
होडी आठ दिवसांची.
मी पत्र लिहिलं: आठ गोळ्या बरोबर देता येतील का,
तांडेलाकडे, किंवा कुणाकडेही?
'नोंद घेतली आहे.'
दाराबाहेर तीन जोड चपला उरल्या.

अहवालात त्या रकान्याचं नाव 'गळती'.
एक्केचाळीस टक्के.
बंदरात हाच शब्द होडीत शिरणाऱ्या पाण्याला आहे.
तिथे माणसं फट शोधतात,
पाण्याला जाब विचारत नाहीत.
हे वाक्य मी अहवालात घातलं होतं.
भाषेच्या तपासणीत गेलं.

माझ्या शेवटच्या दिवशी
एक होडी चौथ्याच दिवशी परत आली, इंजिन पडलेलं.
भार्गव आला. नाक गळतंय, अंगावर काटा,
ऑगस्टच्या उकाड्यात घोंगडी पांघरलेली.
चपला दाराबाहेर काढल्या.
सिस्टरनी काही विचारलं नाही,
डोळे तपासले, नाडी धरली, पाकीट फोडलं.

फॉर्म मी पिशवीतच ठेवला.
तो गप्प, सिस्टर गप्प,
मीही माझी जीभ कुठं ठेवावी ते न कळून गप्प.
सातव्या मिनिटाला त्यानं तोंड उघडलं, नियमाप्रमाणे.
जीभ वर.
मी वाकून पाहिलं.

खाली धक्क्यावर कुणीतरी इंजिन ओढून बघत होतं.
अजून लागत नव्हतं.